'किरण'चा 'करिण' झाला आणि मी यूज फ्लॅग वाचायला लागलो

मामांच्या गावी एक वाचनालय आहे, दोन खोल्यांचं, पण पुस्तकं चांगली आणि सभासद ३१२. दिवाळीत गेलो होतो तेव्हा मामा म्हणाले, "अरे तुझं ते कॉम्प्युटरचं काम असतं ना, मग आमची ओळखपत्रं करून दे की, प्रिंट मी तालुक्याला जाऊन काढतो." मी लगेच हो म्हटलं, नावांची एक्सेल शीट होती, कार्डाचं डिझाइन भाच्याने केलेलं होतं, त्यावर फक्त नाव आणि सभासद क्रमांक टाकायचा, ३१२ वेळा. असलं काम हाताने कोण करतंय, इमेजमॅजिक नावाचा चित्रांवर काम करणारा प्रोग्राम आहे, कमांड देऊन चालतो, त्याची एक ओळ लूपमध्ये टाकली की झालं.

लॅपटॉपवर माझ्याकडे जेंटू लिनक्स आहे, बरीच वर्षं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, बहुतेक लिनक्समध्ये सॉफ्टवेअर तयार बांधलेलं येतं आणि आपण फक्त इन्स्टॉल करतो, जेंटूत मात्र सोर्स कोड येतो आणि तो आपल्याच मशीनवर कंपाइल होतो. डॅनिएल रॉबिन्स यांनी हे सुरू केलं, आधी नाव ईनॉक होतं, १.० आवृत्ती २००२ साली आली, आणि जेंटू हे पाण्यात सगळ्यात जोरात पोहणाऱ्या पेंग्विनचं नाव आहे. डिसेंबर २०२३ पासून त्यांनी तयार बायनरी पॅकेजंही द्यायला सुरुवात केलीये, पण माझी सवय जुनी, मी अजून घरीच बांधतो. घरी बांधायचं म्हणजे प्रत्येक पॅकेजसाठी आपण ठरवायचं की त्यात काय हवं आणि काय नको, छपाईची सोय हवी का, जेपीईजी उघडता आलं पाहिजे का, आवाज कुठून जाणार वगैरे. या प्रत्येक हो-नाहीला जेंटूत यूज फ्लॅग म्हणतात.

तर स्क्रिप्ट लिहिली, मुक्ता फॉन्ट लावला, पहिली पाच कार्डं काढली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मामांना पाठवली. दहा मिनिटांत फोन. "अरे, हा करिण कोण? असा आपल्याकडे कोणी नाही."

मी कार्ड नीट बघितलंच नव्हतं. उघडलं तर खरंच 'करिण' दिसत होतं. शीटमध्ये किरण बरोबर होतं. दुसऱ्या कार्डावर प्रमिला हे नाव, तिथे प च्या पायाशी हलन्त उघडा लटकलेला, र वेगळा पडलेला, आणि 'मि'ची वेलांटी जाऊन ल च्या डोक्यावर बसलेली. आता असं का होतं ते ज्यांनी मराठी टायपिंगचं काम केलंय त्यांना लगेच कळेल. कॉम्प्युटरमध्ये 'कि' साठवताना आधी क असतो आणि मग वेलांटी, आपण उच्चारतो त्या क्रमाने, पण कागदावर ती वेलांटी क च्या आधी काढावी लागते. हे मागेपुढे करणं, जोडाक्षर जुळवणं, रफार वर नेणं, हे सगळं एका वेगळ्या लायब्ररीचं (मामांची नव्हे, दुसऱ्या प्रोग्रामांना वापरता येणाऱ्या तयार कोडची) काम आहे. ती नसेल तर प्रोग्राम साठवलेल्या क्रमाने एकेक आकार मांडत जातो, मग क, त्यानंतर वेलांटी, ती पुढच्या र ला चिकटल्यासारखी दिसते, आणि किरणचा करिण होतो.

मला पटकन वाटलं फॉन्टचा प्रॉब्लेम. फॉन्ट बदलला, लोहित लावला, तेच. मग एका मित्राला स्क्रिप्ट पाठवली, त्याच्याकडे दुसरं लिनक्स आहे, तयार पॅकेजांचं. त्याच्याकडे तीच ओळ, तोच फॉन्ट, तीच इमेजमॅजिक, आणि नाव एकदम बरोबर! तेव्हा डोक्यात आलं की प्रोग्राम एकच असला तरी बांधणी एक नाहीये.

इथे एक गोष्ट सगळ्यांना उपयोगाची आहे, जेंटू असो नसो. बरेच प्रोग्राम आपण कसे बांधले गेलोय ते स्वतःच सांगतात, फक्त विचारावं लागतं. इमेजमॅजिकला 'मॅजिक -व्हर्जन' विचारलं की खाली डेलिगेट्स नावाची ओळ येते, त्यात कुठल्या कुठल्या लायब्ररी आत आहेत ते असतं. विम या टेक्स्ट एडिटरला '--व्हर्जन' दिलं की अधिक-उणे लावून भली मोठी यादी येते, विममधून कॉपी केलेलं बाहेर पेस्ट होत नाही अशी तक्रार असलेल्या माणसाने तिथे क्लिपबोर्डच्या आधी उणे आहे का ते बघावं. व्हिडिओवाल्या एफएफएमपेगला '-बिल्डकॉन्फ', वेब सर्व्हर एनजिनएक्सला कॅपिटल '-व्ही', डाउनलोडवाल्या कर्लला '--व्हर्जन' आणि त्यातली फीचर्सची ओळ. मी आणि मित्राने डेलिगेट्सची ओळ शेजारी ठेवून बघितली. त्याच्याकडे दोन शब्द जास्त होते, पँगोकायरो आणि रक्म. माझ्याकडे दोन्ही नाहीत.

रक्म ही अक्षरं जुळवणारी छोटी लायब्ररी आहे, अरबी शब्द, लिखाण किंवा आकडा असा अर्थ, आपली 'रक्कम' त्याच शब्दावरून आलीये. पँगो मोठी आहे, तिच्या नावात ग्रीक 'पॅन' म्हणजे सगळं आणि जपानी 'गो' म्हणजे भाषा. दोघी शेवटी काम करून घेतात हार्फबझ नावाच्या लायब्ररीकडून, ते फारसी आहे, हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे उघडं, ओपनटाइपचं शब्दशः फारसी. मला हे फार आवडतं, की मराठी वेलांटी जागेवर बसवायला इराणी, जपानी, ग्रीक, अरबी शब्द रांगेत उभे आहेत.

आता खरा मुद्दा. माझ्या इमेजमॅजिकमध्ये हे का नाही? इमर्ज ही जेंटूची पॅकेज बांधायची कमांड, तिचं 'इमर्ज -पीव्ही' करून बघितलं, म्हणजे प्रत्यक्ष काही न बांधता फक्त काय होईल ते दाखव. समोर फ्लॅगांची ही रांग. लाल म्हणजे चालू, निळं आणि पुढे उणे म्हणजे बंद, हिरवं आणि मागे तारका असेल तर मागच्या वेळेपेक्षा आता बदललेलं, पिवळं आणि टक्क्याचं चिन्ह असेल तर तो फ्लॅग नव्यानेच आलेला किंवा काढून टाकलेला. गोल कंसात असेल तर तो तुमच्या हातात नाही, प्रोफाइलने, म्हणजे जेंटूच्या तयार मूळ सेटिंगने, सक्तीने चालू किंवा बंद ठेवलाय. हे मला वर्षानुवर्षं माहीत होतं, पण खरं सांगायचं तर मी रंग बघायचो, शब्द वाचायचो नाही. लाल भरपूर आहेत ना, चला.

त्या रांगेत 'ट्रूटाइप' लाल होतं. म्हणून तर मी निश्चिंत होतो, ट्रूटाइप चालू म्हणजे फॉन्ट दिसणार, फॉन्ट दिसणार म्हणजे मराठी दिसणार. पण ट्रूटाइप हा फ्लॅग फ्रीटाइप ही लायब्ररी जोडतो, आणि फ्रीटाइपचं काम एका आकाराचं चित्र काढून देणं एवढंच. कुठला आकार आधी आणि कुठला नंतर हे तिला विचारूच नका.

मग मी जी चूक केली ती खूप जण करतात म्हणून सविस्तर सांगतो. मला हार्फबझ हवंय हे कळलं होतं, आणि फ्रीटाइपच्या फ्लॅगांमध्ये 'हार्फबझ' असा फ्लॅग दिसला, बंद होता. झालं, हाच तो! चालू केला, फ्रीटाइप परत बांधलं, त्यावर अवलंबून असलेलं थोडं काही परत बांधलं, तोपर्यंत रात्रीचे साडेअकरा झाले. कार्ड काढलं. करिण.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन बसलो आणि ठरवलं की आता अंदाज बंद, जे लिहिलंय ते वाचायचं. जेंटूलकिट नावाचं पॅकेज आहे, त्यात 'इक्वेरी' आणि 'ईयूज' अशा दोन कमांड आहेत. 'इक्वेरी यूजेस' आणि पुढे पॅकेजचं नाव दिलं की त्या पॅकेजचे सगळे फ्लॅग एकाखाली एक येतात, डावीकडे दोन रकाने, एक यू आणि एक आय. यू म्हणजे आत्ता बांधलं तर काय सेटिंग असेल, आय म्हणजे सध्या जे इन्स्टॉल आहे ते कसं बांधलंय. दोन्हीत फरक दिसला की समजायचं तुम्ही सेटिंग बदललंय पण पॅकेज परत बांधलेलं नाही. आणि उजवीकडे प्रत्येक फ्लॅगचा अर्थ, एका ओळीत.

फ्रीटाइपवर चालवलं. हार्फबझसमोर लिहिलेलं होतं की ओपनटाइप फॉन्टच्या ऑटो-हिंटिंगसाठी हार्फबझ वापर. ऑटो-हिंटिंग! म्हणजे लहान साइजला अक्षर स्क्रीनच्या ठिपक्यांवर रेखीव बसवणं. वेलांटीच्या जागेशी त्याचा काही संबंध नाही. आदल्या रात्रीचे तीन तास या एका ओळीने वाचले असते, आणि ती ओळ माझ्याच डिस्कवर पडून होती. (याच फ्लॅगमुळे नव्या मशीनवर फ्रीटाइपला आधी हार्फबझ हवं आणि हार्फबझला आधी फ्रीटाइप हवं असा पेच पडायचा आणि इमर्ज सर्क्युलर डिपेंडन्सी म्हणून थांबायचं, तेव्हा फ्रीटाइप एकदा हा फ्लॅग बंद करून बांधायचं, मग हार्फबझ, मग परत फ्रीटाइप.)

तिथे मला जी गोष्ट पक्की कळली ती ही, की फ्लॅगचं नाव म्हणजे फ्लॅगचा अर्थ नाही. एकाच नावाचा फ्लॅग दोन पॅकेजांत दोन वेगळी कामं करू शकतो. जेंटूत दोन प्रकारचे फ्लॅग असतात. ग्लोबल, म्हणजे जेपीईजी, कप्स (छपाईचा) असे, ज्यांचा अर्थ बऱ्याच पॅकेजांत साधारण सारखा असतो, त्यांची यादी प्रोफाइल्स फोल्डरमधल्या 'यूज.डेस्क' फाइलमध्ये. आणि लोकल, जे त्या पॅकेजपुरते, त्यांचा अर्थ त्या पॅकेजच्या फोल्डरमधल्या 'मेटाडेटा.एक्सएमएल'मध्ये लिहिलेला असतो आणि त्या सगळ्यांवरून 'यूज.लोकल.डेस्क' ही एक मोठी फाइल आपोआप बनते. ग्लोबल फ्लॅगलाही एखादं पॅकेज मेटाडेटात स्वतःचा नेमका अर्थ देऊ शकतं, आणि तो दिलेला असेल तर तोच खरा धरायचा. हे सगळं आता '/व्हार/डीबी/रेपोज/जेंटू' मध्ये असतं, पूर्वी '/यूएसआर/पोर्टेज' मध्ये असायचं, जुने लेख वाचून शोधत बसाल तर सापडणार नाही. साधी टेक्स्ट फाइल आहे, ग्रेप मारून शब्द शोधा, नेट नसलं तरी चालतं, मामांच्या गावी नेट संध्याकाळी जातंच त्यामुळे मला याचं मोल जास्त.

'ईयूज -आय' हे उलट बाजूने कामाचं आहे, पॅकेज नाही तर फ्लॅगचं नाव द्यायचं, मग तो कुठे कुठे आहे आणि तिथे त्याचा अर्थ काय ते एकत्र दिसतं. पोर्टेज म्हणजे जेंटूची पॅकेज सांभाळणारी व्यवस्था, तिच्या पोर्टेज-यूटिल्समधलं 'क्यूयूज'ही असंच काम करतं आणि ते झटपट चालतं.

आता इमेजमॅजिकवर इक्वेरी चालवलं. पँगो बंद. समोर अर्थ: पँगोचा सपोर्ट चालू करतो. एवढंच. माझं कळकळीचं मत आहे की इथे अजून एक वाक्य हवं होतं. ज्याला पँगो म्हणजे काय माहीत आहे त्याला हे वर्णन लागत नाही आणि ज्याला लागतं त्याला ते काही सांगत नाही. ही वर्णनं लिहिणारी माणसं स्वतःचा वेळ काढून हजारो पॅकेजं सांभाळतात हे मला माहीत आहे, त्यांच्याबद्दल आदरच आहे, पण 'हा फ्लॅग नसेल तर देवनागरी, अरबी, थाई मजकूर तुटेल' असं कोणी लिहिलेलं असतं तर माझ्यासारख्या किती जणांचा वेळ वाचला असता.

अशा वेळी पुढची पायरी म्हणजे ईबिल्ड, पॅकेज कसं बांधायचं ते लिहिलेली फाइल, उघडून बघणं. लोकांना वाटतं ते फक्त डेव्हलपर लोकांसाठी, पण ती साधी बॅश स्क्रिप्ट असते आणि आपल्याला त्यात फक्त फ्लॅगचं नाव शोधायचं असतं. साधारण दोन ठिकाणी सापडतं. एक डिपेंडन्सीच्या यादीत, म्हणजे हा फ्लॅग चालू केला तर अजून कुठली पॅकेजं येतील. दुसरं कॉन्फिगरच्या भागात, तिथे 'यूज_विथ पँगो' असं काहीतरी दिसतं, म्हणजे मूळ प्रोग्रामच्या कॉन्फिगरला '--विथ-पँगो' किंवा '--विदाउट-पँगो' जाणार. मग मूळ प्रोग्रामची कागदपत्रं बघायची, तो त्या ऑप्शनने नेमकं काय करतो. इमेजमॅजिकच्या कागदपत्रांत होतं की 'पँगो:' असं लिहून मजकूर दिला की तो पँगोकडून मांडून घेतला जातो. म्हणजे नुसता फ्लॅग चालू करूनही माझी स्क्रिप्ट सुधारली नसती, कारण मी '-अ‍ॅनोटेट', म्हणजे चित्रावर मजकूर टाकायचा इमेजमॅजिकचा साधा ऑप्शन, वापरत होतो! मित्राकडे ते चाललं होतं कारण त्याच्याकडे रक्म होतं, आणि ते असलं की अ‍ॅनोटेटलाही अक्षरं नीट जुळवता येतात. फ्लॅगही हवा आणि स्क्रिप्टही बदलायला हवी, हे ईबिल्ड आणि मॅन्युअल दोन्ही वाचल्यावरच कळलं.

'/ईटीसी/पोर्टेज/पॅकेज.यूज' मध्ये एक ओळ टाकली, इमेजमॅजिक आणि पुढे पँगो. मेक.कॉन्फ या सगळ्या पॅकेजांच्या सेटिंगच्या फाइलमध्ये नाही टाकलं, ज्याला हवंय त्यालाच द्यायचं, नाहीतर सहा महिन्यांनी कुठलं काय कशामुळे आलंय ते कळत नाही. इमर्ज चालवलं, सोबत पँगो, कायरो, फ्रिबिडी आले. चार कोअर आणि आठ जीबी रॅम, दर जॉबला (एकाच वेळी चालणाऱ्या बांधणीच्या कामाला) दोन जीबी धरा असं जेंटूचं हँडबुक सांगतं म्हणून चारच जॉब लावतो. चहाचा दुसरा कप संपेपर्यंत झालं. 'मॅजिक -व्हर्जन', डेलिगेट्समध्ये पँगोकायरो. स्क्रिप्टमधली ती एक ओळ बदलली.

किरण.

खूप दिवसांनी एवढं बरं वाटलं.

त्यानंतर एक शनिवार काढून मी माझ्या सगळ्या फ्लॅगांवरून हात फिरवला. 'डीबग' मी कधीतरी सगळ्यांसाठी चालू केला होता, काही बिघडलं तर माहिती मिळेल म्हणून. वर्णनात स्पष्ट लिहिलंय की हा फ्लॅग प्रोग्राममध्ये जास्तीच्या तपासण्या आणि जास्तीचे मेसेज घालतो, आणि क्रॅश झाल्यावर नीट बॅकट्रेस, म्हणजे प्रोग्राम नेमका कुठे पडला त्याची नोंद, हवा असेल तर त्याची वाट वेगळी आहे. म्हणजे मला जे हवं होतं ते मिळतच नव्हतं, वर प्रोग्राम जड झालेले. काढला. 'डॉक'बद्दल ग्लोबल यादीतच लिहिलंय की सगळ्यांसाठी नको, लागेल त्या पॅकेजलाच लावा. 'मिनिमल' हा शब्द फार मोहात पाडतो, हलकं-फुलकं वाटतं, पण वर्णन वाचा, प्लगइन, फॉन्ट, ड्रायव्हर असं बरंच काही तो काढून टाकतो. आणि पाइपवायरचा 'साउंड-सर्व्हर'. पाइपवायर आणि त्याच्या आधीचा पल्सऑडिओ हे प्रोग्रामांचा आवाज स्पीकरपर्यंत नेणारे प्रोग्राम. पाइपवायर इन्स्टॉल आहे, चालू आहे, तरी आवाज त्याच्यातून जात नाही अशी अडचण माझ्या बहिणीच्या मशीनवर होती, तिथे हा फ्लॅग बंद होता, आणि तो चालू असल्याशिवाय पाइपवायर पल्सऑडिओची जागा घेत नाही. इक्वेरीने एका मिनिटात दाखवलं.

काही फ्लॅगांचे गटच असतात, व्हिडिओ कार्ड, पायथनच्या आवृत्त्या, सीपीयूच्या सूचना, त्यांचे अर्थ प्रोफाइल्सच्या आत 'डेस्क' नावाच्या फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलींत असतात. सीपीयूसाठी 'सीपीयूआयडीटूसीपीयूफ्लॅग्ज' चालवा, ते आपलं आपण यादी देतं, तिथे डोकं लावू नका. आणि भाषांचा गट म्हणजे एल१०एन, लोकलायझेशनच्या स्पेलिंगमध्ये पहिल्या एल आणि शेवटच्या एनच्या मधे दहा अक्षरं म्हणून ते नाव. त्यात 'एमआर' टाकलं की फायरफॉक्ससोबत मराठी भाषापॅक येतो. घरात कोणी मराठीत वापरणार असेल तर हे जरूर करा. २०१६ च्या आधीच्या लेखांत यासाठी लिंग्वास सापडेल, ते आता या कामासाठी नाही.

आता पॅकेज.यूजमध्ये प्रत्येक ओळीच्या वर हॅश लावून मराठीत कारण आणि तारीख लिहून ठेवतो. फाइल यूटीएफ-८ असली की पोर्टेजला काही अडचण नाही. माझ्या फाइलमध्ये असं दिसतं: "पँगो, ओळखपत्रांवरची मराठी नावं, स्क्रिप्टमध्ये अ‍ॅनोटेट नको." त्याच्या खाली: "फ्रीटाइप हार्फबझ, याचा जोडाक्षरांशी संबंध नाही, परत फसू नकोस."

किरण बरोबर आला त्याच रात्री ३१२ कार्डं मामांना पाठवली होती आणि निर्धास्त झोपलो. सकाळी परत फोन. "बाकी सगळी एक नंबर झालीत रे, पण ते कऱ्हाडे आहेत ना, त्यांचा र वर गेलाय." उघडून बघितलं तर 'कर्हाडे', ह च्या डोक्यावर रफार. माझा हात पहिल्यांदा इक्वेरीकडेच गेला, पण मग शीट बघितली, तिथेच नाव साध्या र ने टाइप केलेलं होतं. साधा र, हलन्त आणि ह आला की रफारच होतो, ते बरोबरच आहे. आडवा अर्धा र हवा असेल तर नुक्त्याचा ऱ लागतो, ऱ मग हलन्त मग ह, किंवा र आणि हलन्तनंतर झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह. कार्डावर सगळंच तुटलेलं होतं तोपर्यंत ही चूक दिसायला जागाच नव्हती. शोधल्यावर कऱ्हाडे तीन, गोऱ्हे दोन आणि एक वऱ्हाडे सापडले. सहा नावं शीटमध्ये हाताने दुरुस्त केली, सहा कार्डं परत काढली, आणि मामांना म्हटलं, तुम्ही प्रिंटला जायच्या आधी एकदा सगळी नावं डोळ्यांखालून घाला.